अख्खी सुपारी

माझी बायको अरुणा गेल्याचं आम्हाला कळलं ते नोव्हेंबरात, एका मंगळवारी दुपारी. ती गेली होती सप्टेंबरातच. व्हेस्टमार्क या शत्रुदेशाचं सैन्य इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्फकच्या किनाऱ्यावर उतरलं त्या आठवड्यात लेस्टरच्या हॉस्पिटलमधून ॲम्ब्युलन्सचा ताफा किंग्ज लिनला पेशंट आणायला निघाला, आणि वॉर्डात सगळ्यांच्या आधी हात वर केला तो तिने. ताफा परत आला नाही. किंग्ज लिन शत्रूच्या ताब्यात गेलं, फोन बंद झाले आणि आम्ही ‘अडकली आहे’ असं म्हणत राहिलो. त्या मंगळवारी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आलेली मीनल नावाची नर्स दारात उभी राहिली. मी चहा टाकतो म्हटलं, तर ती नको म्हणाली. मराठी मुलगी एवढ्या लांबून येऊन चहा नको म्हणते, म्हणजे काय सांगायला आली आहे ते मला तिथेच कळलं. तिथल्या हॉस्पिटलचं छप्पर पडलं तेव्हा अरुणा आत होती, शेवटचे पेशंट काढत होती. तिथल्याच चर्चच्या आवारात तिला पुरलं. मीनल स्वतः तिथे होती.

शशीताईने, माझ्या मोठ्या बहिणीने, त्याच दुपारी मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. म्हणाली, “सप्टेंबरात गेली असेल, पण आपल्याला कळलं आज. सुतक कळल्यापासून धरायचं, राजू.”

तिचं हे वाक्य पुढच्या ऑक्टोबरात आमच्या कामाला आलं.

त्या ऑक्टोबरात एका गुरुवारी नकुल युनिफॉर्ममध्येच घरी आला. नकुल मूळचा नागपूरचा. सॉफ्टवेअरच्या व्हिसावर आला, लढाई सुरू झाल्यावर सिग्नल्सच्या तुकडीत भरती झाला. माझ्या अक्षयाशी त्याचं ठरलेलं होतं, पण अरुणा गेल्यावर तारखेचा विषय कुणी काढला नव्हता. त्याने बूट दारात काढले आणि सोफ्याच्या कडेवर बसला.

“काका, सोमवारी आमची तुकडी लिंकनशरला जाऊन राहिली. फ्रंटवर. तोवर सुट्टी आहे.”

अक्षया शाळेतून नुकतीच आली होती. ती शिक्षिका आहे, आणि तिच्या वर्गात निम्मी मुलं पीटरबराहून पळून आलेल्या घरांतली आहेत. तिने बॅग खाली ठेवली. “मग माझा लग्न शनिवारी,” ती म्हणाली.

“माझं लग्न,” मी म्हटलं.

“तुझं नाही बाबा, माझा.”

नकुल हसायला लागला आणि मग मीही हसलो.

शशीताई आमच्याच गल्लीत राहते, त्यामुळे ती पाच मिनिटांत आली. मला वाटलं होतं ती मोडता घालणार. तिने उलट बोटं मोजली. “आई गेल्यावर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सप्टेंबरपासून धरलं तर वर्ष उलटलं. पण आपल्याला कळलं नोव्हेंबरात. म्हणजे वर्ष अजून संपलेलं नाही.”

“पण आत्या, हा चातुर्मास ना? तूच म्हणतेस यात लग्न होत नाही,” अक्षया म्हणाली.

“परीक्षितला विचार.”

परीक्षित पुण्याचा. आठवडाभर एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि शनिवार-रविवारी लेस्टरच्या मराठी घरांचा गुरुजी होतो. फोनवर तो खूश झाला. “काका, पंचांगात चातुर्मासासाठी आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात! तिकडे पुण्यात लोक हॉल मिळत नाही म्हणून वापरतात. आपल्याकडे खराखुरा आपत्काल आहे. शनिवारी सकाळी अकराच्या आसपास एक आहे. लॅपटॉप चार्ज करून आणतो.”

शुक्रवारी बर्मिंगहॅमहून माझा धाकटा भाऊ संजय आणि त्याची बायको रेखा आले. एकाच ट्रेनने आले, पण वेगवेगळ्या डब्यांतून. संजय बँकेत आहे. त्याने रेखाला न विचारता कार्डिफला फ्लॅट ठरवला, तिकडे बाँब पडत नाहीत म्हणून. तेव्हापासून रेखा त्याच्याशी बोलत नव्हती. तिला काही सांगायचं असलं तर ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायची, संजय ऐकेल एवढ्या आवाजात.

“ताई, कुणीतरी सांगा, बॅग जिन्यात ठेवलीय, लोक अडखळतील.”

“दादा, तिला सांग, उचलतो.”

मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघांनाही ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी खिडक्यांना काळा कागद लावून नकुलसकट आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो. कुपनांवर मिळालेली साखर पुरणार नव्हती, म्हणून शशीताई गोल्डन सिरप घालून लाडू वळत होती. ते लाडू वळायचे आणि पुन्हा पसरायचे. लाडू वळता वळताच ती म्हणाली, “कन्यादानाला संजय आणि रेखा बसतील.”

“अर्थात,” संजय म्हणाला. त्याने ब्लेझर आणला होता तो उगाच नाही. “दादा, तू काही टेन्शन घेऊ नकोस. तू फक्त आशीर्वाद द्यायचे.”

मी मान हलवली. वर्षभर मी तेच करत होतो. अरुणाच्या कपड्यांचं काय करायचं, ताईने सांगितलं, मी मान हलवली. बसडेपोतलं काम सोड, संजय म्हणाला, मी मान हलवली. हे मात्र मला नको होतं. अक्षया झाली त्या दिवशी अरुणाने तिला माझ्या हातात दिलं होतं. तिला दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ येईल तेव्हा ते आम्ही दोघांनी करायचं, एवढंच मला माहीत होतं. पण ते तोंडातून निघेना. मी पसरलेला एक लाडू पुन्हा वळत बसलो.

रेखा उठून वर निघून गेली.

वर काय झालं ते मला रेखाने नंतर सांगितलं. अक्षया अरुणाचा शालू नेसून आरशासमोर उभी होती. निऱ्या उलट्या बाजूला खोचल्या होत्या. रेखा गुडघ्यांवर बसून त्या काढायला लागली.

“काकू, तू बसणार आहेस? आईच्या जागी?”

“तुझ्या काकाशेजारी बसायचं नाही म्हणून मी उठून आले असं खाली सगळ्यांना वाटतंय,” रेखा म्हणाली. “वाटू दे. त्यांच्याशेजारी मी बसेन गं, एवढी वर्षं बसलेच की. पण वहिनींच्या पाटावर मला नाही बसवत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला बस पास काढण्यापासून सगळं शिकवलं. मी तिथे बसले तर त्या नाहीत असं होईल.”

“आई नाहीच.”

“ते मला माहीत आहे. मी म्हणते, मला ते करायचं नाही.”

अक्षयाने निऱ्या सोडून दिल्या. “मला बाबाच पाहिजे. पण बाबा बोलतच नाही. तो सगळ्यांना येस येस म्हणतो. मी त्याच्यासाठी भांडले आणि तो खाली येस म्हणाला, तर मी काय करू?”

“तू भांड,” रेखा म्हणाली. “त्यांचं ‘येस’ आपण धरायचं नाही.”

दोघी खाली आल्या तेव्हा परीक्षित सायकलवरून पोचला होता. दिव्याला काळी पट्टी लावलेली सायकल, पाठीवर लॅपटॉप आणि पिशवीत दर्भ. अक्षया दारातच थांबली, अर्धवट नेसलेल्या शालूत.

“बाबा बसणार. काका-काकू नाही. माझा डिसिजन आहे.”

“जोडी लागते, बाळा,” शशीताई म्हणाली. “एकट्या पुरुषाला चालत नाही.”

परीक्षित खाकरला. “ताई, तसं नाही. पत्नी नसेल तर यजमानाने कमरेला सुपारी खोचून बसायचं. सुपारी म्हणजे पत्नी. शास्त्रात आहे.”

“म्हणजे अरुणाकाकू सुपारी?” नकुल म्हणाला. “बाप्पा!”

“आणि बाबा गेला असता तर?” अक्षयाने विचारलं. “आईने काय खोचलं असतं?”

शशीताईने हातातला लाडू ताटात ठेवला. “काही नाही. मागच्या खुर्चीवर बसली असती. आमच्या अर्चनाच्या लग्नात मी बसले होते तशी. दिराने आणि जावेने केलं सगळं. मी मागून बघितलं.” तिने हात पुसले. “नियम मोडायचाच असता तर तेव्हा मोडला असता ना. माझ्यासाठी कुणी पंचांग उघडलं नव्हतं.”

भावोजी गेल्यानंतरचं, ताईच्या मुलीचं, अर्चनाचं लग्न मला आठवत होतं. ताई मागे बसली होती हेही आठवत होतं. तिला पुढे यायचं होतं असं माझ्या तेव्हा मनातही आलं नव्हतं.

“सुपारी आणा मग,” ती म्हणाली. “मिळाली तर बसेल राजू. मी आडवी येणार नाही.”

आता लेस्टरमध्ये सुपारी म्हणजे काय मोठी गोष्ट, असं एरवी कुणीही म्हटलं असतं. पण जहाजं बंद होऊन वर्ष झालं होतं. संजय टॉर्च घेऊन बेलग्रेव्ह रोडच्या भारतीय दुकानांकडे गेला. हा त्याचा स्वभाव. आपण हरत असलो तरी काम दिसलं की तो पळतो. बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन आला आणि टेबलावर एक चकचकीत पाकीट ठेवलं.

“मिळाली! शेवटचं पाकीट!”

परीक्षितने पाकीट फोडलं. आत गुलाबी रंगाची बारीक कातरलेली सुगंधी सुपारी, बडीशेप घातलेली.

“कुणीतरी सांगा यांना,” रेखा म्हणाली, “की वहिनी एवढ्या बारीक नव्हत्या.”

शशीताईला हसू आवरेना. तिने तोंडाला पदर लावला. संजय म्हणाला, “अख्खी नाहीये कुणाकडे! मी सगळीकडे विचारलं. एका म्हाताऱ्याकडे होती, त्याने परवाच खाल्ली.”

“माझ्याकडे आहे,” शशीताई म्हणाली. “एक. माझ्या देवातली. उद्या गणपतिपूजनाला आणणारच होते. पण ती गणपती आहे. तिला अरुणा कशी करणार? आणि अरुणा केली तर गणपती कुठून आणायचा? पहिली पूजा त्याची.”

“कॉन्कर चालेल?” अक्षया म्हणाली. “बाहेर पेव्हमेंटवर शंभर पडलेत. ब्राऊन, राऊंड, सेम साइझ. बाबा कॉन्कर लावेल.”

“ते हॉर्स चेस्टनट? घोड्याच्या नावाचं फळ? ते खात पण नाहीत!” शशीताई म्हणाली.

“गुरुजी, कॉन्कर चालतं का?” संजयने विचारलं.

परीक्षितने लॅपटॉपकडे बघितलं, जणू तो सांगणार होता. “शास्त्रात कॉन्करचा उल्लेख नाही.”

मग रेखा बोलली. या वेळी संजयला ऐकवायला नाही, सरळ ताईला. “ताई, गणपती कशातही बसतो. मातीत बसतो, हळदीच्या गोळ्यात बसतो, शेणात बसतो. त्याला कॉन्करमध्ये बसवा, तो रागावणार नाही. वहिनी बसायच्या नाहीत. त्या म्हणतील, मला चांगली सुपारी द्या.”

शशीताई हसली, अगदी मोठ्याने, आणि मग डोळे पुसायला लागली. अरुणा तसंच म्हणाली असती हे सगळ्यांनाच माहीत होतं. भाजी घ्यायला गेली की ती दुकानदाराला सगळ्या पेट्या उघडायला लावायची.

ताई उठली, कोट घातला आणि घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत सुपारी होती, वर्षानुवर्षं कुंकू लागून लाल झालेली. तिने ती माझ्या हातात दिली नाही. आधी अक्षयाच्या हातात दिली.

“तुझ्या आईला सांभाळ उद्यापर्यंत,” ती म्हणाली.

शनिवारी गल्लीजवळचा कम्युनिटी हॉल गच्च भरला. पूर्वेकडून आलेली काही इंग्रज कुटुंबं त्याच हॉलमध्ये मुक्कामाला होती. त्यांना आम्ही लाडू दिले. ते त्यांनी चमच्याने खाल्ले, कारण लाडू तसेच झाले होते. गणपती हळदीचा केला होता, पण अक्षयाने शेजारी एक कॉन्करही ठेवलं, आणि परीक्षितने दोघांवरही अक्षता टाकल्या.

“काका, उजवीकडे खोचा,” तो मला म्हणाला. “काकू उजवीकडे बसतात.”

मी सुपारी पॅंटच्या पट्ट्यात उजवीकडे खोचली. थंडी होती म्हणून पॅंटच्या आत थर्मल घातले होते. वरून उपरणं. संजयने माझं उपरणं नीट केलं, स्वतःचा ब्लेझर काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, “दिसतोस बरा.”

नकुलचे आईवडील नागपूरहून येणं शक्यच नव्हतं. पण नेमकी त्या सकाळी फोनची लाइन लागली. मंगलाष्टकं आम्ही म्हणायचो आणि एक ओळ मागून त्याची आई स्पीकरमधून म्हणायची. सगळ्यांचं ‘सावधान’ म्हणून झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, तरी नागपूर आपलं आधीचं कडवं गात होतं. नकुल हार हातात धरून आईचं संपायची वाट बघत उभा राहिला. हॉलमधले इंग्रजही टाळ्या वाजवायला लागले.

मग कन्यादान. मी पाटावर बसलो, तांब्या हातात घेतला, आणि सायरन झाला.

आम्हाला आता त्याची सवय आहे. कुणी किंचाळलं नाही. लोकांनी ताटं, हार, फोन, लॅपटॉप उचलले आणि सगळे जिन्याने तळघरात उतरले. परीक्षितने समई विझू नये म्हणून तिच्यावर हात धरला होता. खाली बाकं होती. त्याने जमिनीवर चादर टाकून पुन्हा मांडामांड केली.

“इथेच करू, काका. मुहूर्त आहे अजून.”

मी बसलो आणि उजवीकडे हात लावला. पट्टा होता, सुपारी नव्हती.

परीक्षित मंत्र सुरू करणार होता. अक्षयाने नकुलच्या हातात हात दिलेला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मान हलवली असती तर काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं.

“थांबा,” मी म्हणालो. “अरुणा वर राहिली.”

दूरवर एक धडाका ऐकू आला, कुठेतरी रेल्वेच्या बाजूला.

“राजू, सायरन चालू आहे,” शशीताई म्हणाली.

“मी तिच्याशिवाय करणार नाही.” वर्षभरात एवढ्या मोठ्या आवाजात मी बोललो नव्हतो. मला स्वतःलाच तो आवाज ओळखीचा वाटला नाही.

संजय उठला. “मी आणतो.” आणि कुणी अडवायच्या आत तो मोजे घातलेल्या पायांनी जिना चढायला लागला. तळघराच्या दाराशी ड्यूटीवर असलेला वॉर्डन त्याच्यावर इंग्रजीत ओरडला. त्याच्यापेक्षा मोठ्याने रेखा ओरडली.

“अहो! वेड लागलंय का तुम्हाला? खाली या आधी!”

संजय जिन्यातच वळला. “माझ्याशी बोललीस?”

“तुमच्याशी नाही तर कुणाशी! काचा पडल्या असतील वर! या खाली!”

“मी कार्डिफ रद्द केलं तर…”

“आत्ता कार्डिफ काय काढताय!”

त्यांचं हे चालू असताना मी उठायला गेलो, आणि डाव्या घोट्याशी काहीतरी टोचलं. वाकून चाचपलं. गोल होतं. सुपारी पट्ट्यातून सुटून आत घसरली होती आणि कशी कोण जाणे उजवीकडून डावीकडे येऊन थर्मलच्या तळाशी अडकली होती.

“सापडली,” मी म्हटलं.

“कुठे?” सगळ्यांनी विचारलं.

मी पाय वर करून दाखवला. आधी नकुल हसला, मग अक्षया, मग सगळं तळघर. शशीताई तर बाकाला धरून हसत होती. “वहिनी सापडल्या!” रेखा जिन्याकडे ओरडली. “या आता! त्या दादांबरोबर खाली आल्यात!”

संजय उतरला. रेखाने त्याच्या मोज्यांकडे बघितलं आणि शेजारी जागा करून दिली.

मी सुपारी पुन्हा उजवीकडे खोचली आणि या वेळी वरून हात धरून ठेवला. परीक्षित म्हणाला, “काका, दोन्ही हात लागतील.” तेव्हा अक्षया उठली, मागच्या बाकावर बसलेल्या शशीताईकडे गेली आणि तिला हाताला धरून पुढे आणलं.

“आत्या, तू इथे बस. आईला धर.”

“मी?”

“मग कोण? बाबाचे हात बिझी आहेत.”

शशीताई माझ्या उजवीकडे चादरीवर बसली आणि दोन बोटांनी माझ्या कमरेची सुपारी दाबून धरली. मी तांब्या घेतला, माझ्या ओंजळीतून पाणी अक्षयाच्या हातावर आणि तिच्या हातावरून नकुलच्या हातात गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण मी हसतही होतो, कारण ताई कानाशी पुटपुटत होती, “हलू नकोस, निसटतेय, निसटतेय.”

नकुल सोमवारी गेला. दर दोन दिवसांनी अक्षयाला मेसेज येतो, तेवढं पुरतं. रेखा आता संजयशी बोलते, आणि रोज हेच बोलते की ती कार्डिफला जाणार नाही. शशीताई आपल्या देव्हाऱ्यात आता कॉन्कर पुजते. कुणाला सांगू नकोस म्हणाली आहे, पण गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

कार्य झाल्यावर ती सुपारी घरात ठेवायची नसते, वाहत्या पाण्यात सोडायची असते. ताईने मला तीनदा सांगितलं. सोअर नदी घरापासून चालत जाण्याजोगी आहे. दोनदा मी पुलापर्यंत जाऊन आलो.

सुपारी अजून सोडलेली नाही.